विंचूर : सरंजामाचे ठाणे आणि नदीकाठचे गाव – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मराठ्यांच्या इतिहासात विंचूर हे नाव वारंवार येते. मात्र ते बहुधा गावाचे नाव म्हणून न येता आडनाव म्हणून येते. ग्वाल्हेरचा किल्ला, दिल्लीची मोहीम, पानिपतचे रणांगण, पुण्यातील लोकमान्य टिळकांचे बिऱ्हाड या सर्व ठिकाणी 'विंचूरकर' हा शब्द भेटतो. ज्या गावावरून हा शब्द तयार झाला, ते नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील विंचूर मात्र या वर्णनांत क्वचितच दिसते. परिणामी सरदार घराण्याची वंशावळ म्हणजेच विंचूरचा इतिहास, असा एक समज रूढ झाला आहे. प्रस्तुत लेखात हा समज तपासून पाहिला आहे. घराण्याच्या पराक्रमाशी गावाचा संबंध निश्चितच होता. परंतु तो मुख्यतः महसुलाच्या वाटेने होता. घराण्याची घोडी ज्या शेतसाऱ्यावर पोसली गेली, तो सारा भरणारी माणसे विंचूरसारख्या गावांत राहत होती. म्हणून येथे घराण्याच्या मोहिमांबरोबरच नदी, कोट, वाडा, पेठ, रस्ता आणि बाजार यांकडेही इतिहासाची साधने म्हणून पाहिले आहे.

स्थान, नदी आणि नाव

विंचूर हे नाशिकच्या पूर्वेस पन्नासहून अधिक किलोमीटर अंतरावर, नाशिक–निफाड–येवला–औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) या जुन्या मार्गावर वसले आहे. उत्तरेस सुमारे सहा किलोमीटरवर लासलगाव, पूर्वेस येवला व पश्चिमेस निफाड अशी त्याची सीमा सांगता येईल. उत्तरेकडे चांदवडची डोंगररांग आणि दक्षिणेकडे गोदावरीचे पात्र, यांच्या दरम्यान पसरलेला हा काळ्या जमिनीचा सपाट प्रदेश आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे येथे पश्चिम नाशिकसारखा पाऊस नाही. जमीन उत्तम आणि पाणी अपुरे, ही या भागाची पूर्वापार स्थिती होय. गहू, हरभरा आणि बाजरी ही येथील जुनी पिके या स्थितीशी जुळवून घेणारी होती.

गावाजवळून वाहणारी लोणगंगा ही गोदावरीच्या खोऱ्यातील लहान नदी आहे. परिसरातील डोंगरावर लोणजाई देवीचे स्थान आहे. नदी आणि देवी यांच्या नावांतील साम्य लक्ष वेधून घेते. अशा नद्यांना स्वतंत्र ग्रंथिक इतिहास नसतो, त्या पुराणांतही फारशा येत नाहीत. तथापि गाव कोठे वसावे, वेस कोणत्या दिशेला असावी, कोणत्या वस्तीने पाणवठ्याच्या वरच्या अंगाला राहावे आणि कोणत्या वस्तीने खालच्या अंगाला, हे अशा लहान नद्यांनीच ठरविलेले असते. महाराष्ट्रातील नदीकाठच्या गावांत पाण्याच्या प्रवाहाची दिशा आणि जातिव्यवस्थेची उतरंड ही एकमेकींशी जोडलेली होती. गावाच्या नकाशाचा अभ्यास करताना ही बाब दृष्टिआड करता येत नाही. वाड्याचा इतिहास कागदांत सापडतो, पाणवठ्याचा इतिहास मात्र गावाच्या रचनेतच वाचावा लागतो.

विंचूर या नावाचा संबंध लोक 'विंचू' या शब्दाशी सहज जोडतात. परंतु नाशिक जिल्ह्यातच विंचूर गवळी आणि सिन्नर तालुक्यातील विंचूर दळवी अशी याच नावाची आणखी गावे आहेत. नांदूर, चांदूर, राजूर अशा 'ऊर'कारान्त ग्रामनामांची महाराष्ट्रात मोठी मालिका आहे. या मालिकेत विंचूर ठेवून पाहिले असता केवळ विंचवांच्या सुळसुळाटावरून नावाची उपपत्ती लावणे पुरेसे वाटत नाही. एकाच नावाची गावे अनेक असल्यामुळे जुनी कागदपत्रे वाचताना कोणते विंचूर अभिप्रेत आहे, हे परगण्याच्या उल्लेखावरून ठरवावे लागते. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाची येथे हमखास गल्लत होते.

मध्ययुगाच्या आरंभापासून हा टापू राजकीयदृष्ट्या दुर्लक्षित नव्हता. यादवांच्या आरंभीच्या राजधान्या मानली जाणारी चंद्रादित्यपूर म्हणजे चांदवड आणि सेउणपूर म्हणजे सिन्नर ही ठिकाणे विंचूरच्या दोन बाजूंना आहेत. अठराव्या शतकात नाशिक ते औरंगाबाद हा मार्ग पेशव्यांचा मुलूख आणि निजामाचा मुलूख यांना जोडणारा, आणि प्रसंगी भिडविणारा, मार्ग ठरला. दि. २८ फेब्रुवारी १७२८ रोजी पहिल्या बाजीरावाने निजामाला ज्या पालखेड येथे कोंडीत पकडले, ते वैजापूर तालुक्यातील पालखेड याच दिशेला पुढे आहे. अशा सरहद्दीलगतच्या मार्गावर एखाद्या लढवय्या सरदाराचे ठाणे असणे पेशव्यांच्या दृष्टीने सोयीचे होते, असे अनुमान करण्यास जागा आहे.

दाणी घराणे विंचूरकर झाले

विंचूरकर घराण्याचे मूळ आडनाव दाणी. सासवडकडील या घराण्यातील विठ्ठल शिवदेव हा या सरदारकीचा संस्थापक. छत्रपती शाहूंच्या काळात त्याचा उदय झाला. कोकणातील मोहिमांपासून त्याच्या लष्करी जीवनाची चर्चा होत असली, तरी त्याची खरी कीर्ती उत्तर हिंदुस्थानातील आहे. १७५५ च्या सुमारास गोहदच्या जाट राण्याकडून ग्वाल्हेरचा किल्ला घेण्याच्या कामगिरीशी त्याचे नाव जोडलेले आहे. १७५७ मध्ये रघुनाथरावांनी दिल्लीला वेढा घालून नजीबखान रोहिल्यास शरण आणले, त्या मोहिमेतही विठ्ठल शिवदेव होता. नजीबाला मल्हारराव होळकरांच्या मध्यस्थीमुळे सुखरूप जाऊ देण्यात आले. पुढे याच नजीबाने अब्दालीला पाचारण करण्यात पुढाकार घेतला, हे सर्वश्रुत आहे.

अठराव्या शतकाच्या मध्यास विंचूर हे गाव विठ्ठल शिवदेवाकडे लष्करी जहागीर म्हणून आले आणि दाणी हे विंचूरकर झाले. येथे 'जहागीर' या शब्दाचा नेमका अर्थ समजून घेणे आवश्यक आहे. पेशवाईतील सरंजाम म्हणजे जमिनीची मालकी नव्हे. ठरावीक गावांचा महसूल सरदाराच्या नावे लावून द्यावयाचा आणि त्या बदल्यात त्याने ठरलेल्या संख्येचे पथक बाळगून मोहिमेला हजर राहावयाचे, असा तो करार असे. किती स्वार ठेवावेत, सरदाराने स्वतःसाठी किती घ्यावे, कोणत्या गावांचा वसूल कोणत्या खर्चाला लावावा, याची नोंद तैनात जाबत्यात होई. सरदाराच्या फडावर दिवाण, मजुमदार, फडणीस असे दरकदार असत आणि पथकाची हजिरी-गणती घेतली जाई. तत्त्वतः सरंजाम हा सेवेपुरता व मर्जीपुरता होता. व्यवहारात तो वंशपरंपरागत बनला.

याउलट पाटील, कुलकर्णी, चौगुला आणि बलुतेदार यांचे हक्क वतनाचे होते. ते सरदाराच्या येण्याने निर्माण झाले नव्हते व त्याच्या जाण्याने नाहीसे होणारही नव्हते. म्हणजे विंचूरमध्ये दोन सत्ता एकावर एक बसविलेल्या होत्या. खालची सत्ता जुनी, जमिनीशी आणि शिवाराशी बांधलेली. वरची सत्ता नवी, घोड्यावरची आणि वर्षातील बराच काळ दूर मुलखात असलेली. विजयादशमीनंतर पथके मोहिमेवर निघत आणि पावसाळ्याच्या तोंडी परतत. रब्बीचा गहू-हरभरा काढणीला येई तेव्हा त्या गव्हाच्या वसुलावर पोसले जाणारे स्वार नर्मदेपलीकडे असत. हे चित्र डोळ्यांपुढे आणल्याशिवाय विंचूर आणि विंचूरकर यांचा परस्परसंबंध कळत नाही.

सरंजामाचा विस्तार विंचूरपुरता नव्हता. विंचूरकरांची गावे मुख्यत्वे नाशिक आणि काही प्रमाणात अहमदनगर व पुणे या पुढे झालेल्या जिल्ह्यांच्या हद्दीत विखुरलेली होती. येवल्याचे उत्पन्नही पेशव्यांकडून विठ्ठल शिवदेवास मिळाले होते. येवला हे रघुजी नाईक यांनी वसविलेले विणकरांचे गाव. तेथील रेशमी व जरीच्या वस्त्रांचा व्यापार पाहता हे उत्पन्न कोरडवाहू गावांपेक्षा निराळ्या स्वरूपाचे होते. तथापि सरदारांनी स्वतःला येवलेकर म्हणविले नाही. नाव विंचूरचेच लागले, यावरून या ठाण्याचे घराण्याच्या लेखी असलेले स्थान लक्षात येते.

पानिपत आणि विंचूरकरांवरील आक्षेप

दि. १४ जानेवारी १७६१ रोजीच्या पानिपतच्या युद्धात विठ्ठल शिवदेवाचे पथक मराठ्यांच्या डाव्या बगलेकडे, इब्राहिमखान गारदी व दमाजी गायकवाड यांच्या लगत होते. युद्धाच्या पहिल्या प्रहरात गारद्यांच्या शिस्तबद्ध पलटणींनी हाफिज रहमतखान व दुंदेखान यांच्या रोहिल्यांना जेरीस आणले. याच वेळी गारद्यांच्या आधारासाठी थांबावयाचे असलेले विंचूरकर व गायकवाड यांचे घोडदळ जागा सोडून पुढे धावले, गारद्यांच्या तोफाबंदुकांच्या मार्गात आले आणि रोहिल्यांच्या गोळीबारापुढे त्यास मागे वळावे लागले, असे या युद्धाच्या वर्णनांत सांगितले जाते. त्र्यं. शं. शेजवलकर यांनी पानिपतच्या आपल्या अभ्यासात भाऊसाहेबांच्या गोलाच्या रचनेचे महत्त्व आग्रहाने मांडले आहे. ती कल्पना मान्य केली की गोल मोडणाऱ्या सरदारांवर दोष येणे क्रमप्राप्त ठरते. पराभवाची जबाबदारी वाटताना विंचूरकरांच्या वाट्याला ती थोडीथोडकी आलेली नाही.

हा दोष सर्वस्वी नाकारता येणार नाही. रणांगणावरील आज्ञाभंगाचे परिणाम भयंकर झाले. परंतु त्याचे कारण व्यक्तीच्या उतावीळपणात शोधून थांबणे योग्य होणार नाही. सरंजामी पथकाची घडणच गोलाच्या लढाईस प्रतिकूल होती. गारदी हा पगारी पायदळ शिपाई. तो कवायत शिकलेला आणि रांगेत उभे राहून गोळी झेलण्यास सरावलेला. पथकातील शिलेदाराचे घोडे मात्र त्याच्या स्वतःच्या मालकीचे असे. घोडे मेले तर त्याचे उपजीविकेचे साधनच गेले. बारगीराचे घोडे सरदाराचे असे, आणि त्याची भरपाई अखेर सरंजामाच्या उत्पन्नातूनच करावी लागे. अशा स्वारांना तोफांच्या माऱ्यात निश्चल उभे करणे म्हणजे त्यांच्या भांडवलाचा क्षणाक्षणाने नाश पाहत बसण्यास सांगणे होते. चाल करणे किंवा निघून जाणे, हे दोनच पर्याय त्यांच्या अनुभवात बसणारे होते. पुढे धावलेले विंचूरकर आणि युद्धाच्या अखेरीस निघून गेलेले होळकर यांच्या वर्तनाचे मूळ एकच, आणि ते महसुलाच्या व्यवस्थेत आहे. विंचूरच्या काळ्या रानातील साऱ्याने घोडे उभे केले होते. कवायती सैन्य उभे करण्यासाठी लागणारी मध्यवर्ती खजिन्याची व्यवस्था मराठ्यांनी तोवर उभारली नव्हती. विठ्ठल शिवदेवाच्या एका चालीवर संपूर्ण पराभवाचा भार टाकणाऱ्या लेखनात या बाजूचा विचार अभावानेच आढळतो.

विठ्ठल शिवदेव पानिपतहून जिवंत परतला. त्याचा मृत्यू १७६७ मध्ये झाला. त्या दिवसात नाशिकचा परिसर पेशवे घराण्यातील कलहाचे क्षेत्र बनला होता. रघुनाथरावांचे वास्तव्य नाशिकजवळ आनंदवल्लीस होते आणि १७६८ मध्ये चांदवडच्या डोंगररांगेतील धोडप येथे माधवरावांनी त्यांचा पराभव करून त्यांस कैद केले. पुढे १७८३ मध्ये रघुनाथरावांचे निधन झाले ते गोदाकाठच्या कोपरगावी. आनंदवल्ली, धोडप, कोपरगाव या तिन्ही स्थळांच्या मधोमध विंचूर येते. अशा परिस्थितीत येथील सरदारांस तटस्थ राहणे अवघडच होते.

कोट, वाडा आणि वेस

विंचूरला मातीचा कोट होता. ब्रिटिशकालीन गॅझेटिअरमध्ये गावाभोवतीच्या या मातीच्या भिंतीची आणि गाव हे विंचूरकरांचे निवासस्थान असल्याची नोंद आहे. दगडी किल्ल्यांच्या मानाने मातीचा कोट ही दुय्यम गोष्ट मानण्याची प्रथा आहे. ती बरोबर नाही. पठारी प्रदेशात पांढऱ्या मातीची जाड भिंत लहान तोफांचा गोळा पोटात घेई, ती बांधण्यास गावचाच मजूर व गावचीच माती पुरे होई आणि तिची डागडुजी दरवर्षी पावसाळ्यानंतर करता येई. तिचा उपयोग मोठ्या वेढ्यापेक्षा पेंढारी, भिल्लांच्या टोळ्या आणि भटक्या फौजांपासून बचाव करण्यासाठी अधिक होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, पेशवाईच्या उत्तरार्धातील धामधुमीत आणि १८०३–०४ च्या दुष्काळात, खानदेश व गोदाखोऱ्यातील गावे ओस पडली. अशा काळात कोट असलेले गाव आणि कोट नसलेले गाव यांच्या नशिबात मोठे अंतर पडत असे. आसपासच्या वाड्यावस्त्यांनी दाणागोटा व गुरेढोरे घेऊन कोटाच्या आत येणे ही त्या काळाची रीतच होती.

मातीच्या भिंतीचा दोष असा की तिची गरज संपताच ती वेगाने नाहीशी होते. शांतता प्रस्थापित झाल्यावर भिंतीची माती घराच्या भेंड्यांसाठी आणि शेतात टाकण्यासाठी नेली जाते. जुन्या वस्तीची पांढरी माती हे उत्तम खत असल्याचे शेतकऱ्यांना ठाऊक असते. गढ्या आणि कोट शत्रूने पाडल्यापेक्षा बैलगाड्यांनी वाहून नेल्याची उदाहरणे महाराष्ट्रात अधिक आढळतील.

कोटाच्या आत सरदारांचा वाडा हे गावाचे केंद्र. पेशवेकालीन सरदारी वाड्यात दरवाज्यावरील नगारखाना, देवडी, पागा, कचेरीचा चौक, त्यामागे खासगीचा चौक, देवघर, कोठार आणि विहीर असा क्रम सामान्यतः असतो. यांतील पागा आणि कोठार हे दोन भाग विशेष अर्थपूर्ण आहेत. गावातून धान्यरूपाने किंवा रोख आलेला वसूल आणि त्यातून पोसलेले घोडे, या सरंजामाच्या दोन टोकांची भेट वाड्याच्या या दोन भागांत होत असे. कारकुनांची, कारागिरांची आणि शिपायांची वस्ती वाड्याभोवती वाढली. बारा बलुतेदारांच्या शेतकरी गावाला त्यामुळे पेठेचे रूप येऊ लागले. सोनार, शिंपी, तांबट, हलवाई, सावकार यांना सरदारांच्या वास्तव्यामुळे गिऱ्हाईक मिळे. विंचूर हे शेजारच्या गावांपेक्षा मोठे का झाले, याचे उत्तर नदीत वा जमिनीत नसून या वास्तव्यात आहे.

इ.स. १८१८ नंतर

इंग्रजांशी झालेल्या अखेरच्या युद्धात विंचूरकर दुसऱ्या बाजीरावाच्या बाजूने होते. नोव्हेंबर १८१७ मधील खडकीच्या लढाईनंतर बाजीरावाने जी दीर्घ धावपळ केली, तिच्यात एकेक सरदार त्याला सोडून गेला. शेवटपर्यंत त्याच्याबरोबर राहिलेल्या मोजक्या सरदारांत विंचूरकर व पुरंदरे यांची नावे येतात. दरम्यान एप्रिल १८१८ मध्ये इंग्रजांच्या फौजेने येवल्याजवळील अनकाई आणि त्यामागोमाग राजदेहेर, त्र्यंबक इत्यादी किल्ले घेतले होते. म्हणजे सरदार आपल्या स्वामीबरोबर रानोमाळ असताना त्यांच्या सरंजामाचा मुलूख परकीयांच्या हाती जात होता. जून १८१८ मध्ये बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला.

नव्या राजवटीने प्रमुख सरदारांना दुखविण्याचे धोरण ठेवले नाही. विंचूरकरांची जहागीर चालू राहिली आणि दक्षिणेतील पहिल्या वर्गाच्या सरदारांत त्यांची गणना झाली. पण या मानाच्या पदवीमागे एक मूलभूत बदल दडलेला होता. सरंजाम ज्या सेवेसाठी दिला जात असे, ती लष्करी सेवाच आता उरली नव्हती. पागा रिकामी झाली आणि कोठार तेवढे राहिले. सारा पूर्वीसारखाच भरावयाचा, परंतु त्या साऱ्याचे रूपांतर आता घोडदळात न होता दरबारी इतमामात, दानधर्मात आणि शहरातील वाड्यांत होऊ लागले. खालसा गावांत इंग्रजी अंमलाची जमाबंदी थेट आली, तर विंचूरसारख्या दुमाला गावांत सरकार व रयत यांच्यामध्ये जहागीरदार हा जुना दुवा कायम राहिला.

या काळातील खर्चाच्या दोन खुणा आजही परिचित आहेत. त्र्यंबकेश्वरी त्रिपुरारी पौर्णिमेस निघणारा रथ विंचूरकरांनी एकोणिसाव्या शतकात अर्पण केलेला आहे. दुसरी खूण पुण्याच्या सदाशिव पेठेतील विंचूरकर वाडा. स्वामी विवेकानंद १८९२ मध्ये लोकमान्य टिळकांचे अतिथी म्हणून या वाड्यात राहिले. १८९४ मध्ये टिळकांनी येथे सार्वजनिक गणेशोत्सव सुरू केला आणि गायकवाड वाड्यात जाईपर्यंत त्यांचे बिऱ्हाड येथेच होते. राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात विंचूरचे नाव असे पुण्याच्या एका वाड्यामुळे पोहोचले. मूळ गावातील फार थोड्या लोकांनी हा वाडा पाहिला असेल. मात्र वाड्याच्या उभारणीत व निगराणीत त्यांच्या शिवारातील वसुलाचा वाटा होता, हे विसरता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५२ च्या नियमांन्वये मुंबई राज्यातील सरंजाम व जहागिरी संपुष्टात आल्या. सुमारे दोनशे वर्षांचा विंचूर आणि विंचूरकर यांचा महसुली संबंध येथे तुटला. त्यानंतर उरले ते केवळ नाव.

लोहमार्ग, पेठ आणि लासलगाव

विंचूरच्या पेठेला ओहोटी मात्र १९५२ च्या पुष्कळ आधी लागली होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा इगतपुरी–भुसावळ मार्ग १८६० च्या दशकाच्या आरंभी तयार झाला आणि त्यावरील स्थानक लासलगावला झाले, विंचूरला नाही. हे अंतर अवघे चार मैलांचे. तथापि धान्याच्या व्यापारात चार मैल पुरेसे निर्णायक ठरले. माल जेथे गाडीत भरावयाचा तेथेच आडत्याचे दुकान, तेथेच वखार, तेथेच हुंडीचा व्यवहार. बैलगाड्या विंचूरवरून लासलगावकडे जाऊ लागल्या आणि राजकीय ठाणे असलेले गाव व्यापारी ठाण्याची वाट झाले. लासलगावची कृषी उत्पन्न बाजार समिती १९४७ मध्ये स्थापन झाली आणि पुढे कांद्याच्या व्यापारात तिने देशभर नाव मिळविले, तो या प्रक्रियेचाच पुढील टप्पा होय.

पाण्याच्या बाबतीतही काहीसे असेच घडले. विसाव्या शतकाच्या आरंभी गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वर येथे बंधारा झाला; त्याचे कालवे मात्र प्रामुख्याने खालच्या अंगाच्या कोपरगाव भागासाठी होते. या बंधाऱ्याच्या फुगवट्यावर पुढे पक्ष्यांचे आश्रयस्थान तयार झाले. १९८६ मध्ये त्यास अभयारण्याचा आणि २०२० मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. उत्तरेला रेल्वे आणि दक्षिणेला धरणाचे पाणी, अशा दोन्ही लाभांच्या मध्ये विंचूर दीर्घकाळ कोरडेच राहिले. कादवेवरील पालखेड धरणाच्या डाव्या कालव्याने विंचूर–येवला पट्ट्यातील शेतीचे चित्र पालटले. (हे पालखेड दिंडोरी तालुक्यातील, १७२८ च्या लढाईचे पालखेड ते नव्हे.) कालव्याचे आवर्तन केव्हा सुटणार आणि शेवटच्या टोकाला पाणी पोहोचणार काय, हे प्रश्न तेव्हापासून येथील सार्वजनिक जीवनाच्या केंद्रस्थानी आले. लोणगंगेच्या पाणवठ्यावर ठरणारी पूर्वीची उतरंड कालव्याच्या चाऱ्यांवर, वरच्या व खालच्या लाभधारकांच्या रूपाने, काही अंशी नव्याने मांडली गेली असे म्हणता येईल.

आज लासलगाव बाजार समितीचा उपबाजार विंचूरला आहे. लोहमार्गाने जो व्यापार गावातून काढून घेतला होता, त्याचा काही भाग डांबरी रस्त्याने परत आणला. कांद्याच्या हंगामात ट्रॅक्टरांची जी रांग लागते, ती पूर्वीच्या बैलगाड्यांच्या उलट दिशेने, गावाकडे येते. गेल्या काही दशकांत निफाड तालुक्यात द्राक्षशेतीचा विस्तार झाला. महाराष्ट्र शासनाच्या २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणानंतर औद्योगिक विकास महामंडळाने विंचूर येथे गोदावरी वाईन पार्क आणि सांगली जिल्ह्यातील पलूस येथे कृष्णा वाईन पार्क उभारण्याचे ठरविले. पेशवाईतील लष्करी ठाणे म्हणून ज्ञात असलेले नाव अशा रीतीने औद्योगिक नकाशावर आले. द्राक्ष बागाईतदारांच्या आशा या योजनेने वाढविल्या. प्रत्यक्षात बहुसंख्य शेतकऱ्यांचे अर्थकारण अजूनही खाण्याच्या द्राक्षांवर आणि कांद्याच्या भावावरच अवलंबून आहे.

स्थळे आणि साधने

विंचूरच्या इतिहासाची लिखित साधने गावाबाहेर, मुख्यतः पुण्याच्या पेशवे दप्तरात आहेत. सरंजामाचे जाबते, हिशेब, निवाडे व पत्रव्यवहार तेथे शोधता येतो. त्यांचे स्वरूप साहजिकच सरकार आणि सरदार यांच्या दृष्टीचे आहे. गावातील साधने निराळी आहेत: कोटाची रेघ, वेशीची जागा, वाड्याभोवतीच्या आळ्यांची नावे, जुन्या विहिरी, मंदिरांचा जीर्णोद्धार कोणी केला याविषयीच्या आठवणी, शेतांची नावे. सात-बाराच्या उताऱ्यावर गट क्रमांक आल्यापासून शेतांची पारंपरिक नावे विस्मरणात जात आहेत. वास्तविक पागेचे रान, बारगीराचा मळा किंवा इनामपट्टी अशा स्वरूपाच्या एखाद्या शेतनावावरून सरंजामी व्यवस्थेचा जितका बोध होतो, तितका कित्येकदा वंशावळीवरूनही होत नाही. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना अशी नावे वयोवृद्ध शेतकऱ्यांकडून विचारून नकाशावर नोंदविता येतील. या कामास फार खर्च नाही, मात्र विलंब परवडणारा नाही.

येवल्यात नगर–मनमाड आणि नाशिक–औरंगाबाद हे रस्ते जेथे एकमेकांना छेदतात, त्या जागेला लोक विंचूर चौफुली म्हणतात. तेथून विंचूर बरेच दूर आहे. विंचुरात शिरताना लासलगावकडे फुटणाऱ्या रस्त्याच्या जागेला तीनपाटी असे साधे नाव आहे. बसगाड्या, कांद्याचे ट्रॅक्टर आणि द्राक्षांच्या पेट्या वाहणारी वाहने तेथूनच वळतात.